दोघींत एकच तोंड

सोमवार, ८ एप्रिल

मोठ्या बाईंनी आज मला खुर्चीवर बसायला सांगितलं. तेव्हाच ओळखलं की काहीतरी गळ्यात पडणार. एरवी मी त्यांच्या खोलीत पाण्याचा जग ठेवतो आणि बाहेर येतो.

काम असं आहे. आमच्या प्राथमिक शाळेतला शेवटचा वर्ग जूनमध्ये मोठ्या शाळेत जाणार. दर वर्षी त्यांतली काही मुलं पहिल्याच महिन्यात गळतात. मग ती आमच्याच फाटकाबाहेर येऊन उभी राहतात आणि आतला खेळाचा तास बघतात. बाई म्हणाल्या, "आपण इथे हात सोडतो, तिथे कुणी धरत नाही. मध्ये माणूस नाही. तू हो."

मी म्हणालो, "मी?"

"तूच. वर्गबाई मे महिन्यापासून बाळंतपणाच्या रजेवर. उरलं कोण? तुझं अक्षर चांगलं, शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं, आणि मुलं तुला घाबरत नाहीत."

शेवटचा गुण आहे की तक्रार, ते कळलं नाही. विचारायचं राहिलं.

मी इथे घंटा देतो, खोल्या उघडतो, फळ्यावर सूचना लिहितो. मोठ्या शाळेत मी स्वतः एक सत्रसुद्धा पुरतं काढलेलं नाही. बाईंना हे माहीत आहे. ताई मला नोकरीला लावायला आली तेव्हा तिने सगळं सांगितलं होतं, मी शेजारी उभा होतो. म्हणजे जो पुलावरून अर्ध्यातून परत आला त्यालाच बाकीच्यांना पलीकडे न्यायला सांगितलंय. याला विश्वास म्हणत नाहीत, नाइलाज म्हणतात.

त्या वर्गात माझी भाचीही आहे. हे बाईंच्या लक्षात असेलच.

बुधवार, १० एप्रिल

शेवटच्या वर्गात मागे बसून हजेरी बघितली. भाचीला घरात सगळे घुमी म्हणतात. घरात ती बोलते, कामापुरतं. उंबरठ्याबाहेर तोंड बंद. शाळेत तिची मैत्रीण टकळी तिला सांभाळून घेते हे माहीत होतं, पण किती, ते आज बघितलं.

वर्गबाईंनी घुमीचं नाव घेतलं. टकळी म्हणाली, "हजर." थोड्या वेळाने टकळीचं नाव आलं. टकळी म्हणाली, "हजर." वर्गात कुणी मान वर केली नाही.

मग बाईंनी घुमीला भूगोलातला प्रश्न विचारला. घुमी टकळीच्या कानाशी वाकली. टकळी उभी राहिली. "बाई, ती म्हणते वारा समुद्राकडून येतो. मला वाटत होतं डोंगराकडून. पण तिचंच बरोबर असणार."

"शाबास दोघी," बाई म्हणाल्या.

तास संपल्यावर मी वर्गबाईंना विचारलं की हे असं कधीपासून. त्या हसल्या. "अरे, त्या दोघींत एकच तोंड आहे. पहिल्या वर्षापासून. तोंडी परीक्षासुद्धा मी तशीच घेते. चाललंय ना सुरळीत?"

सुरळीत आहे खरं. पण इथेच. मोठ्या शाळेत दोन तुकड्या आहेत. या दोघी दोन तुकड्यांत पडल्या तर घुमी संपली. मला माहीत आहे ते कसं होतं. मी होतो अ मध्ये आणि ज्याच्याबरोबर मी शाळेत जायचो तो ब मध्ये गेला होता. असो.

भाऊजींना घरी सांगून बघितलं. आमचं धुलाईचं दुकान आहे. भाऊजी इस्त्री करतात आणि गिऱ्हाइकांशी ताई बोलते. भाऊजी मान वर न करता म्हणाले, "मेव्हणेबुवा, एवढं काय त्यात? नाही जमलं शाळेत तर येईल दुकानात. इस्त्रीला कुठे तोंड लागतं?"

ते वाईट मनाने म्हणाले नाहीत, हाच त्रास आहे. मी शाळा सोडली तेव्हाही हेच, आणि याच सुरात म्हणाले होते. आणि मी चार वर्षं इस्त्री केली.

ठरवलं. काहीही करून दोघी एकाच तुकडीत.

शुक्रवार, १९ एप्रिल

मुलांना मोठी शाळा दाखवायला नेलं. दोनदोनच्या रांगेत, मोठे रस्ते टाळून. मी आदल्या दिवशी सगळ्या पायऱ्या, दारं, नळ बघून ठेवणार होतो, पण पहारेकऱ्याने "काय काम?" विचारलं आणि मला एका वाक्यात सांगता आलं नाही.

त्याची शिक्षा आज मिळाली. आत गेल्यागेल्या निम्म्या मुलांना लघवीला जायचं होतं. मुलं माझ्या तोंडाकडे बघतात, मी भिंतीकडे. शेवटी टकळी जिन्यावरून उतरणाऱ्या एका सरांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, आम्ही लहान शाळेची मुलं आहोत. आमच्या मामांना संडास कुठे आहे ते माहीत नाही."

शाळेतली सगळी मुलं मला मामा म्हणतात, घुमीमुळे. सर माझ्याकडे बघून हसले. जिन्यावरची मोठी मुलंही हसली. मला जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

पण पोरगी गुणाची. तिच्यावर किती विसंबून राहता येईल याची खात्री पटली. घुमी सगळा वेळ तिची बाही धरून होती. टकळीने एकदोनदा हात झटकला, उकडत होतं म्हणून असेल.

सोमवार, २९ एप्रिल

मोठ्या शाळेच्या कारकुनाच्या खिडकीशी गेलो. सूचनाफलकावर 'प्राथमिक'ऐवजी 'प्रथामिक' लिहिलंय, आणि ते मुलांना आणलं तेव्हापासून तसंच आहे. ज्या शाळेला हा शब्द लिहिता येत नाही तिच्याकडे आम्ही प्राथमिकची मुलं सोपवणार.

काय म्हणायचं ते मी चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. खिडकीतून आत सरकवली. कारकुनाने ती मोठ्याने वाचली, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "'सदर दोन विद्यार्थिनींस एकाच तुकडीत स्थान मिळावे.' वा! काय अक्षर, काय भाषा! तुला बोलता येत नाही का रे?"

"येतं."

"मग बोल की. कशासाठी एकाच तुकडीत?"

माझ्यामागे एक बाई कडेवर मूल घेऊन उभ्या होत्या. मूलही माझ्याकडे बघत होतं.

"तोंड घरी ठेवून आलास का? हे बघ, नावं अनुक्रमाने लागतात. एक अ मध्ये, एक ब मध्ये, एक अ, एक ब. ब्रह्मदेव आला तरी त्यात बोट घालता येत नाही. पुढचे!"

मी म्हणालो, "पुन्हा येतो."

काय म्हणायला हवं होतं ते घरी येईपर्यंत सगळं सुचलं. अगदी मुद्देसूद. वाटेत दोनदा म्हणूनही बघितलं. एक कुत्रं उठून गेलं.

मंगळवार, ७ मे

पुन्हा गेलो. कारकून म्हणाला, "मुख्याध्यापकांना भेट." त्यांच्या दाराबाहेर बाकावर बसलो. ते बाहेर आले, मी उठेपर्यंत जिना उतरून गेले. परत आले, तेव्हा बरोबर दोन माणसं होती. मध्येच बोलणं बरं दिसलं नसतं. शाळा बंद व्हायची वेळ झाली. पहारेकरी म्हणाला, "अजून काम सांगता आलं नाही का?"

ताईला म्हणालो, तू ये बरोबर. डॉक्टरकडे, घरमालकाकडे, सगळीकडे तीच बोलते. माझं घसा दुखण्याचं औषधही तीच सांगून आणते. आज मात्र कपड्यांवर खुणेचे दोरे बांधता बांधता म्हणाली, "मी नाही येत. तुझं काम आहे. मी गेले तर मोठ्या बाई म्हणतील, मग बहिणीलाच ठेवते."

"पोरगी तुझी आहे."

"पोरगी माझी आहे म्हणूनच म्हणते. माझा जन्म काय सगळ्यांची तोंडं व्हायला झालाय?"

एवढं तोडून बोलायची गरज नव्हती. घरात दोन माणसं अशी आहेत की ज्यांना बाहेर बोलायला जड जातं. तिसऱ्याने थोडं समजून घेतलं तर काय बिघडतं?

शुक्रवार, १७ मे

काम झालं! पण लिहून ठेवतो कसं झालं ते, कारण यात माझं कौतुक काही नाही.

टकळीला बरोबर नेलं. तिची आई वरच्या मजल्यावर राहते, शिवणकाम करते. "जा की, नाही तरी घरात डोकं खाते," म्हणाली. जाताना टकळीची टकळी सुरूच होती. मोठ्या शाळेत म्हणे नाटक बसवतात. वादविवाद म्हणून एक प्रकार असतो, त्यात भांडल्याबद्दल बक्षीस देतात. तिला नवा बाकमित्र कोण मिळेल? तिच्या नंबराच्या आसपास कोण असेल?

मी म्हणालो, "तोच प्रश्न सोडवायला चाललोय." आणि कारकुनाला काय सांगायचं ते नीट समजावलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मामा, दोन तुकड्यांत पडलो तर आपोआप पडणार होतो ना? म्हणजे कुणी मुद्दाम पाडणार नव्हतं?"

"हो, पण ते टाळायचंय."

"अच्छा," म्हणाली.

खिडकीशी तिने पाढा म्हणावा तसं सगळं म्हणून दाखवलं. "माझी मैत्रीण माझ्याशिवाय बोलत नाही. मी नसले तर तिची शाळा सुटेल. आम्हाला एकत्र ठेवा." कारकून विरघळला. "मैत्री असावी तर अशी," म्हणाला. ब्रह्मदेवाला न जमलेलं बोट त्याने दोन मिनिटांत घातलं. दोघी अ मध्ये.

मी वाटेत तिला सरबत घेऊन दिलं. परतताना ती एक शब्द बोलली नाही. पेला अर्धा ठेवला. ऊन फार होतं आज.

सोमवार, १० जून

मोठी शाळा सुरू झाली. आमची शाळा आठवडाभराने उघडते, म्हणून मुलांना पोचवून मी कुंपणापाशी थांबलो. तिथून अ तुकडीची खिडकी दिसते.

घुमी खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसली, शेजारी जागा ठेवून. टकळी आली, थांबली, आणि पुढच्या बाकावर दोन अनोळखी मुलींच्या मध्ये जाऊन बसली. मला वाटलं सरांनी बसवलं असेल. सर आलेच नव्हते.

मधल्या सुट्टीत घुमी एकटीच डबा खात होती. मी कुंपणातून विचारलं, "काय झालं?" तिने खांदे उडवले.

गुरुवार, १३ जून

आज टकळीला फाटकाबाहेर गाठलं. दोन दिवस राग गिळला होता. तिच्या मैत्रिणी बरोबर होत्या, तरीही बोललो. लहान मुलांशी मला बोलता येतं.

"तुला काही वाटतं का? तिच्या नावाला हजर म्हणायलासुद्धा जीभ जड झाली?"

"पहिल्या दिवशी म्हटलं होतं," ती म्हणाली. "सर ओरडले. म्हणाले, ज्याचं नाव त्यानेच ओ द्यायची."

"मग निदान शेजारी बस. त्यासाठी एवढे हेलपाटे घातले मी."

तिचे डोळे भरले, पण आवाज बारीक झाला नाही. "मामा, मला दोघींचा अभ्यास करायला लागतो. तिला काय म्हणायचंय ते मला आधी कळायला लागतं, मग मला काय म्हणायचं होतं ते मी विसरते. वर्गबाई मला कधी एकटीला शाबास म्हणाल्याच नाहीत. नेहमी 'शाबास दोघी'. मला वाटलं होतं, मोठ्या शाळेत आपोआप सुटेल. आणि तुम्ही मलाच तिथे नेऊन माझ्याच तोंडाने..."

पुढे तिला बोलवेना. तिलाही.

एवढं होतं तर आधी सांगायचं. जगाचं सगळं बोलते आणि नेमकं हे पोटात ठेवते! मी काय मनकवडा आहे?

शनिवार, १५ जून

टकळीची आई तोंडात टाचण्या तशाच ठेवून खाली आली. त्या काढून एकेक पदराला लावत लावत बोलली, म्हणून सगळं नीट ऐकू आलं.

"माझी पोर काय तुमच्या पोरीची नोकर आहे? पाच वर्षं मी काही म्हटलं नाही. म्हटलं शेजार आहे. आता तुमचा भाऊ तिला भर रस्त्यात रडवतो?"

ताई म्हणाली, "रडवलं असेल तर मी त्याचा कान धरते. पण नोकर कशाला म्हणता? एका ताटात जेवल्यात त्या."

"जेवू देत की! जेवताना प्रत्येकीने आपापलं तोंड वापरलं ना?"

दुकानात गिऱ्हाईक होतं, तेही हसलं. ताई गिऱ्हाइकाचे कपडे दुसऱ्यांदा मोजायला लागली. मी चादरींच्या गठ्ठ्यामागे होतो. घुमी माझ्या शेजारी होती. ती बाहेर गेली, टकळीच्या आईची एक टाचणी खाली पडली होती ती उचलून तिच्या हातात दिली आणि परत आली.

भाऊजी रात्रीच्या जेवणाला म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघू. मग दुकान."

रविवार, १६ जून

घुमीला हजेरीचा सराव द्यायचं ठरवलं. मी सर झालो. ती समोर उभी. मी तिचं नाव घेतलं.

ती गप्प.

"हजर म्हण. घरात तर बोलतेस."

"घरात हजेरी कुठे असते?"

"समज की मी सर आहे."

"तू मामा आहेस."

पुन्हा नाव घेतलं. पुन्हा गप्प. मी म्हणालो, तीन अक्षरांचा तर शब्द आहे. तिने विचारलं, "तू म्हणायचास?"

"माझं सोड."

"आता म्हणून दाखव. मी सर." आणि तिने माझं नाव घेतलं, सरांसारखं, पुस्तकात बघत.

"हजर," मी म्हणालो.

"ऐकू नाही आलं."

"हजर."

"मोठ्याने."

शेजारच्या खोलीत भाऊजी कुणाशी तरी बोलत होते. मी म्हणालो, सराव तुझा आहे की माझा? आणि उठलो. फुकट गेला दिवस.

बुधवार, २६ जून

मोठ्या शाळेतून सूचना आली. आपली पाल्य शाळा सुरू झाल्यापासून सलग गैरहजर आहे, पालकांनी येऊन भेटावे, अन्यथा नाव कमी करण्यात येईल. त्यात शुद्धलेखनाच्या चुका आहेत, पण आज त्यांचं काही वाटलं नाही.

सलग गैरहजर! मी रोज सकाळी तिला फाटकापर्यंत सोडतो, मग धावत येऊन आमची घंटा देतो. ती आत जाते, बाकावर बसते, वह्या भरून येते. वर्गात साठ मुलं. सर मान खाली घालून नावं घेतात, ओ आली नाही की पुढे जातात. पोरगी समोर बसलेली आणि शाळेच्या लेखी ती नाहीच.

भाऊजींनी सूचना वाचली आणि इस्त्री उभी करून ठेवली. "म्हणजे रोज जाते ती न जाण्याइतकंच. मग इथे तरी कामाला येईल. सोमवारपासून दुकानात."

घुमी उभी होती. ती आत जाऊन दप्तर भरायला लागली, उद्याच्या तासांप्रमाणे.

मी ताईकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस. सूचनेत लिहिलंय पालकांनी भेटावं. मामा पालकच असतो. जा."

गुरुवार, २७ जून

गेलो नाही. आमच्या शाळेत पाण्याची टाकी धुवायची होती. ती पुढच्या आठवड्यातही धुता आली असती.

मोठ्या बाईंनी विचारलं, मुलं कशी आहेत तिकडे? मी म्हणालो, सगळी टिकून आहेत. मग म्हणालो, एक सोडून. कोण, ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "उद्याची घंटा मी देते."

शुक्रवार, २८ जून

सविस्तर लिहितो, म्हणजे कुणी चुकीचं सांगितलं तर माझ्याकडे बरोबर असेल.

अ तुकडीचे वर्गशिक्षक इतिहास शिकवतात. उंच आहेत, बाह्यांना खडू. मधल्या सुट्टीच्या आधी त्यांना वर्गाच्या दाराशी गाठलं. एक वाक्य तयार होतं आणि चिठ्ठीही होती. चिठ्ठी पुढे केली.

"चष्मा टेबलावर राहिलाय. तोंडीच सांगा ना. कोण आपण?"

"सर," मी म्हणालो.

तो शब्द बरोबर आला. पुढचा तिथेच होता, मला जाणवत होता. तेवढ्यात घंटा झाली आणि साठ मुलं दारातून आमच्या अंगावर. सर म्हणाले, "पालक आहात का? कुणाचे?" मी मान हलवली. "अहो, कुणाचे?" मुलं थांबून बघायला लागली. सर घड्याळाकडे बघत होते.

"हा माझा मामा आहे."

माझ्या कोपरापाशी कुणीतरी बोललं. मला आवाज ओळखू आला नाही. घरात तो इतका मोठा कधी नसतो.

"त्याला लोकांपुढे बोलता येत नाही," घुमी म्हणाली. "मी रोज येते, सर. पहिल्या दिवसापासून. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसते. काल तुम्ही नकाशा उलटा टांगला होता."

मुलं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडे बघितलं, नवीन कुणी वर्गात आलं की बघतात तसं. "उलटा होता? मग सांगितलं का नाहीस?"

तिने खांदे उडवले.

"आणि हजेरीला ओ का देत नाहीस? मी रोज नाव घेतो."

ती बुटांकडे बघायला लागली. त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. पूर्ण माहीत होतं. वर्गात कुणालाच इतकं माहीत नसेल. पण ती वाट बघत होती आणि सरही तिच्याचकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

"हात वर केला तर चालेल?" तिने विचारलं.

"चालेल की." सर थोडे ओशाळले. "फक्त मी मान वर करायला हवी. करीन. मागचे दिवसही लावून टाकतो."

एवढंच होतं ते. हात वर करायचा. शुद्धलेखनाइतकी सोपी गोष्ट, आणि एप्रिलपासून माझ्या डोक्यात आली नाही! तुकड्या, कारकून, मुख्याध्यापक, उन्हातले हेलपाटे, शेजाऱ्यांशी भांडण, आणि हवा होता एक हात. स्वतःचाच राग आला, आणि थोडा तिचाही. आधी का नाही विचारलं?

टकळी तिच्या दोन मैत्रिणींसह दाराशी उभी होती. तोंड उघडं. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मामा, शप्पथ, मी तिला काही शिकवलं नव्हतं हं." मग घुमीकडे गेली आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, "काय म्हणतेस?" घुमी काही म्हणाली नाही. पुन्हा बंद. पण दोघी नळाकडे बरोबर गेल्या.

मला एक नोंदवायचं आहे. मी बोलणारच होतो. अजून जरा वेळ मिळाला असता तर. आणि 'बोलता येत नाही' हे तिने सगळ्यांसमोर सांगायची काही गरज नव्हती.

शाळा सुटेपर्यंत थांबलो आणि तिला घेऊन आलो. वाटेत मी हे तिला म्हणालोही. ती म्हणाली, "बरं."

दुकानात भाऊजी इस्त्री करत होते. ताई हिशेबाचं सोडून उठली.

"काय झालं?" भाऊजी म्हणाले. "भेटले का सर? बोललं कोण?"

मी घसा साफ केला.

"मामा बोलला," घुमी म्हणाली. "सगळं नीट सांगितलं. हजेरी लागणार आहे."

भाऊजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, गिऱ्हाइकाने चुकून दुसऱ्याचा कोट घातला की बघतात तसं. "मेव्हणेबुवा बोलले? सरांशी?"

"हो."

"मग सोमवारी शाळेतच जा," ते पोरीला म्हणाले आणि इस्त्री पुढे ढकलली. मान खाली घालून हसत होते, पण चांगलं हसत होते. ताईचा काही विश्वास बसला नव्हता. ती माझ्याकडे बघत राहिली. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं.

घुमीने गठ्ठ्यातून एक मोठी चादर ओढली आणि तिची दोन टोकं माझ्या हातात दिली. ती मागे मागे भिंतीपर्यंत गेली. आम्ही चादर ताणली, एकदा झटकली, आणि ती तिची टोकं घेऊन माझ्याकडे चालत आली. कोपरे जुळले नव्हते. मी तोंड मिटलं आणि तशीच घडी घातली.